मदत हवी आहे: डायोड फँटमवर बरोबर, पेशंटवर जास्त

माळवा_फिजिक्स: इंदूरहून लिहितोय. रेडिओथेरपीत इन-व्हिवो डायोड (पेशंटच्या कातडीवर चिकटवून डोस मोजायचा सेन्सर) पेशंटवर ३ टक्क्यांनी जास्त दाखवतोय. फँटमवर (शरीराऐवजी वापरायचा चाचणीचा ठोकळा) नीट येतो, एसएसडी (मशीनच्या स्रोतापासून कातडीपर्यंतचं अंतर) तपासलं. उद्या सकाळी पुढचं फ्रॅक्शन (उपचाराचा पुढचा हप्ता) आहे, लवकर सांगा.

किरणमापक: कॅलिब्रेशन किती तापमानाला? बीमच्या किती आधी चिकटवता? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

माळवा_फिजिक्स: २२ अंश, स्लॅब फँटम, ६ एमव्ही (एक्स-रे बीमची ऊर्जा). सेटअपच्या सुरुवातीलाच चिकटवतो, मग इमेजिंग, ८-१० मिनिटं जातात. त्याने काय होतं?

बडोदा_आरटी: तापमान-दाबाचं करेक्शन लावलंत का?

किरणमापक: ते उघड्या चेंबरसाठी (आतल्या हवेवरून डोस मोजणारं उपकरण), आतली हवा विरळ होते म्हणून. डायोड सिलिकॉनचा, दाबाशी संबंध नाही. मात्र तापला की त्याची संवेदनशीलता वाढते. कातडीवर काही मिनिटांत तो ३०-३२ अंशांवर जातो. अंशाला ०.३ टक्के धरले तर १० अंशांना ३ टक्के. माळवा, तुमचा आकडा तोच आहे.

टीएलडीवाला: टीएलडी (डोस साठवणारा स्फटिक, नंतर तापवून वाचतात) वापरा, ही कटकटच नाही.

किरणमापक: आणि रीडिंग दुसऱ्या दिवशी? इथे पेशंट टेबलावर असताना उत्तर हवं.

बडोदा_आरटी: मग डायोड बीमच्या अगदी आधी चिकटवा, तापायला वेळच नको.

किरणमापक: नको. तेव्हा तो अर्धवट तापलेला असतो, रोज वेगळा आकडा येईल. पूर्ण तापू द्या, इमेजिंग झाल्यावर झिरो करा (तापल्यावर लीकेज, म्हणजे बीम नसतानाही वाहणारा करंटही वाढतो), मगच बीम.

माळवा_फिजिक्स: म्हणजे ३७ अंश धरून रीडिंग भागू?

किरणमापक: अजिबात नाही, दीड टक्का जास्त कापला जाईल. टेपखाली थर्मोकपलने (तापमान मोजणारी बारीक तार) तापमान मोजा. गुणांकही (अंशामागे किती टक्के वाढ) आपल्याच डायोडचा काढा: पातळ पिशवीत घालून पाण्यात एकाच जागी बसवा, २२, २६, ३०, ३४ अंशांना पाच-पाच मिनिटं थांबून प्रत्येकी १०० एमयू (मशीनचं डोस मोजायचं एकक) द्या. तापमान-रीडिंग रेषेचा चढ म्हणजे गुणांक. डायोडवर डोस साचत जातो तसा तो बदलू शकतो, अधूनमधून पुन्हा काढा.

बडोदा_आरटी: चेंबरचं एक राहिलंच. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. मोबाइलवरचं हवामान समुद्रसपाटीचा दाब दाखवतं. तो घातला तर डोस सहा टक्के कमी दिसतो आणि मशीनचं आउटपुट (ते देत असलेला डोस) उगाच वाढवलं जातं. फँटम आणि मशीन दोन्हीकडे तोच दाब गेला तर चूक कळतही नाही.

किरणमापक: खरंय, पण पेशंट-फँटम फरक त्याने येत नाही.

माळवा_फिजिक्स: बॅरोमीटर खोलीतच आहे. थर्मोकपल नाही, बायोमेडिकलकडे मागतो. एन-टाइपलाही (सिलिकॉन डायोडचा एक प्रकार) हाच गुणांक चालेल का?