कमी बजेटचा गेमिंग पीसी: तुम्ही कुठे हात आखडला आणि कुठे सैल सोडला?

मूळ धागा (राजारामपुरी)

नमस्कार मंडळी. माझा भाचा गारगोटीचा. बारावी झाली, आता इंजिनिअरिंगसाठी कोल्हापुरात आमच्याकडेच राहणार आहे. ताईने त्याच्या कॉम्प्युटरसाठी मॉनिटरसकट साठ हजार बाजूला काढलेत. त्याला अभ्यासही करायचाय आणि मनापासून गेमिंगही करायचंय, आणि दोन्ही नीट व्हावं असं मलाही वाटतं.

दुकानांतून आणलेली कोटेशनं समोर आहेत. प्रत्येकात प्रोसेसरचं नाव ठळक, त्याखाली ग्राफिक कार्ड, आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) समोर नुसतं '४५० वॅट'. कंपनी नाही, मॉडेल नाही.

मला पार्टची तयार यादी नको. यादी महिन्याभरात शिळी होते. त्यात २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरवाल्यांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, मायक्रॉनने तर त्या डिसेंबरमध्ये क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा भाव सोडून द्या. तुम्ही मशीन उभी करताना पैसा कशावर घातला, काय पुढे ढकललं आणि का, ते सविस्तर लिहा.

विद्यापीठ परिसर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

ताई, मी ग्राफिक कार्ड न घेता सुरुवात केली. भाच्यासाठी हा रस्ता जरूर विचारात घ्या. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, त्यामुळे कार्ड नसलं तरी मॉनिटर चालतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ सेटिंग खाली ठेवून छान खेळता येतं.

फक्त एक अट आहे आणि ती कोटेशनवर कुणी लिहीत नाही: रॅमच्या पट्ट्या दोन हव्यात. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. ३२०० वेगाची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, दोन लावल्या की ५१.२ जीबी. दुकानदार मला १६ जीबीची एकच पट्टी देत होता, 'पुढं दुसरी टाकता येईल' म्हणून. मी ८-८ च्या दोन मागून घेतल्या. मित्राकडे हाच प्रोसेसर एका पट्टीवर आहे. दोघांच्या मशीन शेजारी ठेवून एकच गेम लावली तर फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

पट्ट्या लावल्यावर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू करायला लावा, काही मदरबोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. नाहीतर ३२०० चे पैसे देऊन रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढे मी आरएक्स ६६०० हे ग्राफिक कार्ड टाकलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी. शिवाय जी मध्ये कार्डासाठीचा मार्ग जुन्या पीसीआयई ३.० चा आहे, साध्यात नव्या ४.० चा. म्हणून पहिल्या दिवसापासून कार्ड घेणारच असाल तर साधा ५६०० च घ्या. आणि जी वर नंतर कार्ड बसवणार असाल तर ६५०० एक्सटी नको. त्याला लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) चारच आणि मेमरीही चारच जीबी, जुन्या मार्गावर ते अडखळतं. ६६०० ला आठ लेन आहेत, ते निभावून नेतं.

उद्यमनगर, फौंड्रीत मेंटेनन्सला

ताई, त्या '४५० वॅट'वर बोट ठेवलंत ते बरोबर जागी ठेवलंत. मी माझ्या मशीनमध्ये कॅबिनेटवर हात आखडला, मॉनिटर साधा घेतला, पण एसएमपीएसला अजिबात नाही.

स्टिकरवरचा मोठा आकडा बघू नका. त्याच्या खाली एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचंही पोट त्या बारा व्होल्टवर भरतं. मी हातात घेतलेल्या एका लोकल एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं होतं आणि बारा व्होल्टला १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॅट. आता ६६०० सारखं कार्ड एकटं १३२ वॅट ओढतं, प्रोसेसर वेगळा. गेम रंगात आली की मशीन बंद पडणारच, आणि लोक कार्डाला दोष देणार. '८० प्लस'चा शिक्का बघाच, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो स्वतःला बंद करतो का, हे मॉडेलच्या नावावरून शोधावं लागतं. म्हणून कोटेशनवर मॉडेल लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरं अर्थिंग. आपल्या पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. लोक म्हणतात एसएमपीएस खराब आहे. तसं नसतं. आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत जातो, नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज उभा राहतो. मशीन आणायच्या आधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंग करून घ्या. ग्राफिक कार्डाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट एक समजू नका. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ६६०० वाली मशीन मॉनिटरसकट गेममध्ये अडीचशेच्या आसपास जाते, म्हणजे चालेल, पण काही मिनिटंच. सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरतात.

शिवाजी पेठ

दादा, झिणझिण्यांचं कारण आज कळलं. आमच्या वाड्यात अगदी हेच होतं. उद्याच वायरमनला सांगतो.

कसबा बावडा

मी कार्ड जुनं घेतलं आणि राहिलेले पैसे एसएसडी (वेगवान स्टोरेज) व मॉनिटरकडे वळवले. जुन्या बाजारात एवढी कार्डं आली त्याचं कारण सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग संपलं. रात्रंदिवस राबलेली कार्डं साफसूफ करून विकायला निघाली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी मानत नाही, पण चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा माझा नियम.

आरएक्स ५८० घ्यायचं होतं. विकणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. खऱ्या ५८० मध्ये शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) २३०४ असतात, २०४८ वालं कमी ताकदीचं कार्ड त्याच नावाने फिरतं. आधी बघितलेल्या एका कार्डावर २०४८ दिसले, तिथून नमस्कार करून निघालो. बावड्यातल्याच एका मुलाकडे २३०४ वालं मिळालं. पंधरा-वीस मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) चालवलं, तापमान कुठे स्थिरावतं ते बघितलं, पंख्याचा आवाज ऐकला, डिस्प्लेची सगळी पोर्टं केबल लावून तपासली. स्क्रू झिजलेले होते, म्हणून सरळ विचारलं. त्याने थर्मल पेस्ट बदलल्याचं सांगितलं आणि ट्यूब दाखवली. असा माणूस असला की थोडे जास्त द्यायला काही वाटत नाही.

एसएमपीएस मात्र जुना घेऊ नये. बाहेरून बघून त्याचं काहीच कळत नाही.

नागाळा पार्क

आमच्याकडे मुलगी गेम खेळते, पण तिचा जास्त जीव ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणून आमचा हिशोब इतरांपेक्षा वेगळा निघाला. त्याच किमतीत एएमडीचं कार्ड गेममध्ये जास्त एफपीएस (सेकंदाला चित्रं) देतं हे तिने मला तक्ते काढून दाखवलं, आणि तरीही एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० मागितलं, १२ जीबीवालं. ब्लेंडरचं रेंडरिंग (सीनवरून अंतिम चित्र तयार करणं) एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स या तंत्रावर लवकर होतं, आणि सीन मोठा झाला की कार्डाची मेमरी पुरावी लागते. तिच्यासाठी आम्ही प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला. अॅनिमेशनची फाइल रात्री लावून ती झोपते, सकाळी तयार असते. भाचा पुढे थ्रीडी किंवा मशीन लर्निंगकडे वळण्यासारखा असेल तर आधी त्याच्याशी बोला. नुसत्या गेमिंगसाठी असतं तर मीही ६६०० च घेतलं असतं.

शिरोळ तालुका

ताई, आमच्याकडं पैसा एकदम येत न्हाई. दुधाचं बिल दर दहा दिवसाला, उसाचं कारखाना सोडंल तवा. म्हणून मशीन टप्प्याटप्प्यानं उभी केली. त्यात एक गोष्ट सांभाळायला लागती: पार्ट घेऊन खोक्यात ठिवला की वॉरंटी पळत राहती, आणि खराब निघाला तर बदलून घ्यायची मुदत आपल्याला कळायच्या आत संपती. म्हणून क्रम असा लावला. आधी मॉनिटर, तो जुन्या लॅपटॉपला लावून वापरला. मग प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस सगळं एकाच दिवशी. कार्ड शेवटी, दिवाळीला दूध फरक (दूध संघाकडनं मिळणारी वरची रक्कम) आला तवा.

म्हणूनच इंटेलचा आय३-१२१००एफ घेतला न्हाई. 'एफ' म्हंजे आत ग्राफिक्स न्हाई, कार्ड येईपर्यंत मशीन नुसती बघत बसायची. एफ नसलेला १२१०० घेतला, थोडा महाग, पण पहिल्या दिवसापासून पडदा लागला. चारच कोर हायत, आठ थ्रेड. माझ्या गेमला पुरतात. बोर्ड तोच ठिवून पुढं १२४०० टाकता येतो, सहा कोरचा. लई विचार करून घेटलेली मशीन हाय, आणि मन भरतंय अजून.

इचलकरंजी

एक वेगळी वाट थोडक्यात. ऑफिसमधून निघालेला जुना ब्रँडेड पीसी घेऊन त्यात कार्ड टाकणं. स्वस्त पडतं, पण त्यांच्या एसएमपीएसला बहुतेक वेळा कार्डासाठी वेगळी वायर नसते. म्हणून ७५ वॅटच्या आत, स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड लागतं. उदाहरणार्थ जीटीएक्स १६५० ची बिनवायरची आवृत्ती किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं. बारीक कॅबिनेट असेल तर बुटक्या उंचीचंच कार्ड बसतं. आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची बघा. त्याआधीच्या प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागते.

शाहूपुरी, दुरुस्तीचं दुकान

आमच्या टेबलावर जे येतं त्यावरून सांगतो. पार्टच्या नावांवर लोक महिनोन् महिने वाद घालतात, आणि मशीन कुठे ठेवायची याचा विचार एक मिनिट करत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत आलं, हे आपण सगळ्यांनी बघितलं. तळमजल्यावरची, जमिनीवर ठेवलेली कॅबिनेटं पहिल्यांदा गेली. पुराच्या पाण्यात गाळ असतो, तो बोर्डाच्या सॉकेटात बसला की धुऊन सुद्धा भरवसा राहत नाही. नदीकाठच्या भागात राहत असाल तर मशीन टेबलावर ठेवा आणि जून लागला की खोकी फेकू नका, हलवायला लागतात.

पूर नसला तरी पाल असते. मागची स्लॉटची पट्टी काढून टाकलेली असली की ती उबेला आत जाते आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट होतो. पट्ट्या लावूनच ठेवा. शिरोली, उद्यमनगरच्या बाजूला धूळ बारीक आणि काळी असते, तिथे जाळीचं कॅबिनेट घेतलं तर पुढच्या फिल्टरची सफाई महिन्यातून एकदा हवीच.

ऑनलाइन की दुकान, हा प्रश्न येणारच. ऑनलाइन कधी कधी स्वस्त मिळतं हे खरं आहे. पण प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर हवा, मग कुठूनही घ्या. कार्ड बिघडलं तर बऱ्याच कंपन्यांसाठी ते पुण्या-मुंबईला जातं, आणि नंबर नसलेलं बिल तिथे कुणी विचारात घेत नाही.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याने प्रत्येक प्रतिसाद वाचला आणि आमचं ठरलं. ५६००जी, ८-८ च्या दोन पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी, आणि पुढच्या कार्डाचा विचार करून ५५० वॅटचा एसएमपीएस, मॉडेलचं नाव लिहून घेऊन. कार्ड वर्षभराने. त्याला ते स्वतःच्या स्टायपेंडमधून घ्यायचंय, मी अडवणार नाही. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आताच घेतोय, कारण तो पुढच्या मशीनलाही चालेल. वायरमन रविवारी येतोय.

एक शंका राहिली. एका दुकानात बी४५० बोर्ड स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

शाहूपुरी, दुरुस्तीचं दुकान

चालेल, ताई, पण बोर्ड किती जुना पडून आहे ते बघा. बी४५० हा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) ५६००जी च्या आधीचा. जुनं बायोस असेल तर प्रोसेसर ओळखला जात नाही, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. खोक्यावर '५००० रेडी' असं लिहिलेलं असेल तरी खरं काय ते चालू करूनच कळतं, म्हणून दुकानातच बायोस अपडेट करून मागा. पैसे देण्याआधी बायोसची स्क्रीन स्वतः बघा: प्रोसेसरचं नाव बरोबर, दोन्ही पट्ट्या दिसतायत, आणि वेग ३२००. घरी मॉनिटर लावल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडायला सांगा, ते आपोआप होईलच असं नाही. आणि पुढच्या वर्षी कार्ड बसवाल त्या दिवशी मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डाच्या पोर्टात लावायची.