लहान घरात जास्तीचा किराणा कुठे ठेवावा?

प्रश्न: आमचे घर दोन खोल्यांचे असून स्वयंपाकघरातील फडताळ रोजच्या डब्यांनीच भरून जाते, त्यामुळे पिठाची जास्तीची पिशवी सध्या दाराआड उभी आहे. जागा कशी काढावी?

उत्तर १: आधी पलंगाखालची उंची मोजा. तिथे घट्ट झाकणाचे, चाके असलेले उथळ खोके ठेवल्यास झाडतानाही ते सहज ओढता येतात. शेगडीच्या वरचे कपाट मात्र तेलासाठी वापरू नका, कारण उष्णतेने तेल लवकर खवट होते.

उत्तर २: माझ्या मते जागेआधी साठ्याचा विचार व्हावा. दळल्यानंतर धान्यातील स्निग्धांशाला हवा लागते आणि पीठ धान्यापेक्षा लवकर बिघडते, म्हणून धान्य साठवून पीठ थोडेच ठेवावे. बेसिनखालची मोकळी जागाही टाळावी. तिथे ठेवलेली माझी साखर ओल धरून इतकी घट्ट झाली, की डबा आपटूनही ती सुटेना.

उत्तर ३: दाराच्या चौकटीवर एक अरुंद फळी ठोकून घ्या, पण तिच्यावर हलक्याच वस्तू ठेवा. नवे पुडे मागे सरकवून जुने पुढे घ्यावेत.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. पलंगाखाली वीतभर उंची मिळाली आहे.