काठी कुठल्या हातात?

कुणीतरी लिहिलंय की खुब्याचं हाड मोडल्यावर वॉकर सुटला की जिंकलं, मग नुसतं चालत राहायचं. वॉकरपर्यंत पटलं, पुढचं नाही. स्कूटरवरून पडून माझं उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं, वॉकर सुटल्यावर महिनाभर मी काठी उजव्याच हातात धरून फिरत होते, दुखतंय तिकडे आधार, सरळ हिशोब! फिजिओ म्हणाली अहो ताई, काठी डाव्या हातात, आणि उजव्या पायाबरोबर ती पुढे टाकायची, म्हणजे खुब्याच्या स्नायूंवरचा ताण कमी होतो आणि अंग एका बाजूला झुकत नाही. दोन दिवस डोकं आणि पाय दोघंही गोंधळले, मग जमलं. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाशी यायला हवी, माझी चांगली 2 इंच उंच होती, खांदा दुखायचा तो त्यानेच.

जिना वेगळा शिकावा लागतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. आमची सदाशिव पेठेतली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, रोज 18 पायऱ्या "चांगला वर, दुखरा खाली" पुटपुटत उतरायचे, शेजारच्या काकूंना वाटलं जप चाललाय. आणि हो, काठीचं खालचं रबर झिजलं की लगेच बदला, आपल्याकडच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर ते सटकतंच.