२५ हजारांत जुन्या रायझन पीसीचा अपग्रेड: आधी काय बदलू? लाइनचा भरवसा नाही

दर्यापूरकर_७५हर्ट्झ

राजेहो, नेमका सल्ला पाहिजे. सध्याचा पीसी असा:

प्रोसेसर रायझन ३ ३२००जी, बी४५० चा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड (रॅमचे चार स्लॉट), ८ जीबी डीडीआर४ ची एकच स्टिक (२६६६), १ टीबी हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॅट' छापलेला एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), १०८०पी ७५ हर्ट्झचा मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्या व्हेगा ८ ग्राफिक्सवरच चालू आहे.

व्हॅलोरंट चालतो, पण मारामारी सुरू झाली की फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतात. जीटीए ५ गाडी जोरात पळवली की अडखळतो. फोर्झा होरायझन ५ चं लोडिंग संपतच नाही.

अकोल्यात विचारलेले भाव: रायझन ५ ५६०० साडेनऊ हजार, नवीन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड बावीस हजार, ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस चार हजार, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ३,२००, ८ जीबी रॅम दोन हजार. अमरावतीत एक वापरलेलं आरएक्स ६६०० साडेतेरा हजारांत मिळतंय. एका दुकानात म्हणाले, हे सगळं जमा करा आणि वर १८ हजार द्या, 'आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड' असा तयार सेट देतो. विचारल्यावर कळलं की आय७ तिसऱ्या पिढीचा आणि कार्ड जीटी ७३०.

गावात संध्याकाळी व्होल्टेज १७५ पर्यंत उतरतं. लाइन रोज जाते. घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे. बजेट २५,०००, त्याच्या वर सोयाबीन विकल्यावरच.

पिनआउट

पहिले तो तयार सेट डोक्यातून काढा. तिसऱ्या पिढीचा आय७ हा २०१२ चा प्रोसेसर. त्याला डीडीआर३ रॅम लागते, म्हणजे तुमची डीडीआर४ ची स्टिकही वाया. जीटी ७३० हे स्क्रीनवर चित्र आणण्यापुरतं कार्ड आहे. त्यावर '४ जीबी' छापलं म्हणून फोर्झा चालत नाही, कारण चित्र काढणारी चिपच कमकुवत आहे. तुमचा बी४५० बोर्ड त्या अख्ख्या सेटपेक्षा मोलाचा आहे. त्याच सॉकेटमध्ये ५६०० बसतो.

आता क्रम. २५ हजारांत माझी यादी: एसएमपीएस ४,०००, रॅम २,०००, एसएसडी ३,२००, वापरलेलं पण नीट तपासलेलं आरएक्स ६६०० १३,५००. झाले २२,७००. प्रोसेसर सोयाबीनच्या पैशांतून.

या यादीत रॅम सगळ्यात स्वस्त आहे आणि फरक सगळ्यात आधी तीच दाखवते. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, मेमरीचा अर्धा रस्ता बंद. व्हेगा ८ ला स्वतःची मेमरी नसते. ती तुमच्याच ८ जीबीतून साधारण २ जीबी घेते, म्हणजे विंडोज आणि गेमला ६ च उरतात. दुसरी ८ ची स्टिक आली की दोन्ही दुखणी एकदम कमी होतात. चार स्लॉटच्या बोर्डात स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. शेजारी-शेजारी लावल्या तर सहसा दोन्ही एकाच चॅनलवर जातात. नवीन स्टिक ३२०० ची घेतली तरी जोडी जुनीच्या वेगाने, २६६६ लाच चालेल. तरीही ३२०० चीच घ्या, पुढे जुनी बदलता येईल.

एसएसडी घेण्याआधी बोर्डाच्या पानावर एम.२ स्लॉट एनव्हीएमई चालवतो का ते बघा. एम.२ आकारात साटा (जुन्या, हळू प्रकारच्या) एसएसडीही येतात, दिसायला जवळपास सारख्या. बी४५० वर पीसीआयई (कार्ड आणि एसएसडी जोडणारा रस्ता) ३.० च मिळतं, त्यामुळे ४.० च्या एसएसडीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ५१२ च्या खाली जाऊ नका. जीटीए आणि फोर्झा दोघं मिळून २०० जीबीच्या पुढे जातात.

कार्डाबद्दल: आरएक्स ६६०० ला ८ जीबी मेमरी, वीज १३२ वॅट, ८ पिनांची एक केबल. हे कार्ड पीसीआयईच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि ३२००जी सुद्धा कार्डाला आठच लेन देतो, त्यामुळे तिथे काही अडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, पण तुमच्यासाठी चुकीचं आहे: ४ जीबी मेमरी, चारच लेन, आणि पीसीआयई ३.० वर त्या चार लेन अजून अरुंद. मेमरी भरली की गेम झटके देतो.

काळीमाती

यादी बरोबर आहे, पण एसएमपीएसवर फक्त 'ब्राँझ' वाचून पैसे देऊ नका. ब्राँझ म्हणजे वीज किती वाया जाते त्याचा दाखला. आतले भाग किती टिकतील, ते त्यात नसतं.

आधी जुन्याचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? कॅबिनेटसोबत येणाऱ्यांत बरेचदा १६ च्या आसपास असतात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. वर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असलं तरी कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ६६०० चे १३२, पुढच्या ५६०० चे ८० च्या आसपास, बोर्ड-पंखे-डिस्कचे ४०-५०. बेरीज २६० च्या घरात, आणि कार्ड क्षणभर त्याच्या वर उसळी मारतं. जुना एसएमपीएस तिथे बंद पडेल, नाहीतर जाताना बोर्ड घेऊन जाईल. '८ पिनांचं कन्व्हर्टर लावून चालवून देतो' असं कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. नवीन ५५० वॅटच्या लेबलवर १२ व्होल्टला निदान ४० अँपिअर दिसले पाहिजेत.

दुसरी ओळ म्हणजे इनपुट. भाऊ, तुमच्या गावासाठी ही सगळ्यात महत्त्वाची. काहींवर '२००-२४० व्होल्ट' असतं, काहींवर '१००-२४०'. १७५ वर पहिला प्रकार भर गेममध्ये बंद पडू शकतो आणि दोष कार्डाला लागतो. दुसराच मागा, पन्नास-शंभर जास्त गेले तरी चालतील. व्होल्टेज पडलं की तेवढीच वीज काढायला एसएमपीएस जास्त अँपिअर ओढतो. ३०० वॅटला २३० वर १.३ अँपिअर, १७५ वर १.७. म्हणून ढिला प्लग आणि जुना स्विचबोर्ड संध्याकाळीच गरम होतो. पीसीला १६ अँपिअरचं सॉकेट द्या, आणि त्याच स्विचबोर्डावर कूलर नको.

इन्व्हर्टर: चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज नीट ओढणारं सर्किट) असतं. स्क्वेअर वेव्हवर त्यातले काही गुणगुणतात, काही लाइन जाताच बंद पडतात. एसएमपीएस लाइनशिवाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून उशिरा चालू झाला की पीसी रीस्टार्ट. मागे 'यूपीएस / नॉर्मल' असं बटण असेल तर यूपीएसवर ठेवल्याने बदल लवकर होतो. पण त्या मोडमध्ये बरेच इन्व्हर्टर १८० च्या खाली लाइन स्वीकारतच नाहीत. म्हणजे तुमच्याकडे रोज संध्याकाळी लाइन असूनही बॅटरी उतरत राहील. खरा उपाय एव्हीआर (व्होल्टेज सावरणारी सोय) असलेला १००० व्हीएचा यूपीएस, ६०० वॅटवाला. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचाच असतो, तोही लेबलवर तपासा. हा खर्च प्रोसेसरसोबत दुसऱ्या हप्त्यात धरा.

आणि उरलेल्या २,३०० मधून अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर अशा वेळी पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, आणून ठेवतात. त्याच अवस्थेत एचडीएमआय केबल टीव्हीला लावली तर कार्डाचं पोर्ट जाऊ शकतं. मल्टिमीटरने फेज-अर्थ मोजा, फेज-न्यूट्रलच्या जवळपास आला पाहिजे. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत बरा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडपासून सुटते. म्हणून पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होतं. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडून देणाऱ्या मिस्त्रीला हातच लावू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटवर पूर्ण २३० येतं.

फ्रेमटाइम

क्रमावर थोडा वाद घालतो. तुम्ही जास्त वेळ व्हॅलोरंटच खेळत असाल तर त्याला कार्डापेक्षा प्रोसेसर लागतो, आणि ३२००जी चे चार कोर, चार थ्रेड (एका वेळी चारच कामं) हीच अडचण आहे. पण नुसता ५६०० आणून बसवू नका. त्यात ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळी राहील. ५६००जी मध्ये ग्राफिक्स असतं, पण कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ च्या जागी १६ एमबी. पुढे कार्ड लावायचंच असेल तर तो घेऊ नये. म्हणून कार्ड आधी, हे मान्य.

कार्ड आल्यावर ३२००जी वर जीटीए ५ तरीही अडखळेल. चारही थ्रेड १०० टक्क्यांवर गेले की गेमला पुढचा रस्ता वाचायला वेळ मिळत नाही. फ्रेम ६० वर बांधा, प्रोसेसरला श्वास मिळतो आणि झटके कमी होतात. ओव्हरले (गेमवरच वापराचे आकडे दाखवणारी पट्टी) लावून बघा: कार्ड ९७-९९ टक्के असेल तर मर्यादा कार्डाची, सेटिंग उतरवा. कार्ड ६० वर आणि कोर १०० वर असतील तर मर्यादा प्रोसेसरची. तिथे सेटिंग 'लो' केल्याने फार मिळत नाही.

वापरलेलं कार्ड फोटोवरून घेऊ नका. अमरावतीला जाऊन विकणाऱ्याच्या पीसीवर तपासा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून नाव आणि ८ जीबी जुळतात का ते बघा. जुन्या चिपवर नवीन नावाचं बायोस (चिपमध्ये भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) टाकलेली कार्डं बाजारात फिरतात आणि हे सॉफ्टवेअर त्यातली बरीच पकडतं. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) १५ मिनिटं. ठिपके, रेघा, काळी स्क्रीन यातलं काही दिसलं तर परत फिरा. कार्डाचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (सगळ्यात तापलेली जागा) यात २५-३० अंशांहून जास्त फरक असेल तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली आहे, भाव कमी करा. सगळे पंखे हाताने फिरवून आवाज ऐका. डिस्प्लेच्या सगळ्या पोर्टांना केबल लावून बघा. बिल मागा. सिरीयल नंबरवर वॉरंटी उरली असेल तर ती बिलासकट हजार रुपये जास्त देण्याच्या लायकीची आहे.

बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डात नाही. ही चूक फार होते आणि मग 'कार्ड लावूनही फरक नाही' म्हणून ओरड.

दर्यापूरकर_७५हर्ट्झ

झिणझिण्या येतात, म्हणजे आधी अर्थिंग. मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. ५६०० साठी बोर्डाचं बायोस अपडेट करावं लागेल म्हणतात, त्यात लाइन गेली तर? आणि मे महिन्यात खोली ४२-४३ अंश असते, कूलरसमोर पीसी ठेवला तर चालेल का?

पिनआउट

अपडेट करताना लाइन गेली तर बोर्ड मेला म्हणूनच धरा. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात यूपीएस असतोच, पीसी तासाभरासाठी तिथे न्या.

अपडेट जुना ३२००जी बसलेला असतानाच करायचं. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन बोर्डावरच छापलेलं असतं, त्याच्या सपोर्ट यादीत ५६०० समोर जे बायोस लिहिलंय तेच किंवा त्यानंतरचं घ्या. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, पानावर तशी सूचना असते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल टाका, बायोसमधल्या फ्लॅश टूलनेच चढवा, विंडोजमधून नको. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. नवीन प्रोसेसर बसवला की एफटीपीएम (प्रोसेसरमधली चाव्यांची तिजोरी) रीसेट करू का असं विचारलं जातं आणि जुन्या चाव्या जातात. नंतर एफटीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहेत ना ते बघा, विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय उघडत नाही. रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी खुली करणारी सेटिंग) तेव्हाच चालू करा, ३२००जी वर ते मिळत नव्हतं.

प्रोसेसर काढताना घाई नको. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेली पेस्ट प्रोसेसरवरच्या कूलरला (पंखा आणि हीटसिंक) अशी धरते की वर ओढताच लॉक केलेला प्रोसेसरही सोबत उपटून येतो. आधी १०-१५ मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, कॅबिनेट आडवं पाडा. चारही स्क्रू थोडे-थोडे तिरप्या क्रमाने सोडा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा झाल्यावरच उचला. कॅबिनेट उभं असेल तर मागची प्लेट निसटून खाली पडते.

काळीमाती

कूलरसमोर अजिबात नको. त्या हवेत बाष्प तर असतंच, बारीक तुषारही असतात, आणि आपल्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याचे क्षार त्यासोबत बोर्डावर जाऊन बसतात. धूळ आणि क्षार ओले झाले की रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात, पीसी कधीकधी चालूच होत नाही. कूलर खोलीत राहू द्या, खिडकी उघडी ठेवा, पण पीसी हवेच्या झोताच्या बाजूला आणि जमिनीपासून हातभर वर.

खोली जितकी तापते तितकेच अंश कार्डावर चढतात. ५६०० ची मर्यादा ९० अंश, ६६०० च्या हॉटस्पॉटची ११०. त्याच्या आधीच दोघं वेग कमी करतात, त्यामुळे जळत नाहीत, पण फ्रेम जातात. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे तर बाकी गेममध्ये फ्रेम ७५ वर बांधा. कार्ड उगाच दीडशे फ्रेम काढून खोली तापवणार नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला १२० एमएमचा एक पंखा हवा आत घेणारा, मागे एक बाहेर टाकणारा.

कापूस घरात साठवता का? मग पुढच्या पंख्यावर जाळी लावा आणि दर पंधरा दिवसांनी धुवा. कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत असे गुंततात की ब्लोअरने निघत नाहीत, मऊ ब्रशने ओढून काढावे लागतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं.