ऑक्टोबरच्या थंडीत मोनार्क फुलपाखरू कधी सोडावं? (न्यू जर्सी)

काजळमाया_एनजे: काल दुपारी कोशातून मादी बाहेर आली, पंख नीट वाळलेत. बाहेर ढगाळ, दिवसा ११ अंश, रात्री ४. घरात २२ अंशांत ठेवू की सोडून देऊ? हिवाळा काढायला मेक्सिकोला पोचेल?

रानवेल: आज नको. छातीतले स्नायू साधारण १३ अंशांच्या वर तापल्याशिवाय तिला उडता येत नाही. ऊन असतं तर पंख पसरून पाठ तापवली असती, पंख थरथरवून आणखी ऊब आणली असती. ढगाळ हवेत ती गवतात पडून राहील आणि उंदीर-मुंग्या तिला सोडणार नाहीत. ऊन आणि १५ अंशांच्या वरचा दिवस बघा, सकाळी दहा-अकराला सोडा, म्हणजे फुलांवर पोट भरून आसरा शोधायला वेळ मिळतो. वायव्येचा हलका वारा असेल तर सोन्याहून पिवळं. थंड हवेचा पट्टा सरकून गेला की केप मे या न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला मोनार्कची गर्दी होते, ती याच वाऱ्यावर.

तोवर जाळीच्या पिंजऱ्यात, १०-१५ अंशांच्या गॅरेजमध्ये ठेवा. २२ अंशांत ती जाळीवर फडफडून पंखांच्या कडा फाडून घेते, आणि हिवाळाभर पुरवायची चरबी आत्ताच जाळते. पहिला दिवस खाणं लागत नाही. नंतर एक भाग साखर, नऊ भाग पाणी, कापसाच्या बोळ्यावर. बोळा रोज बदला.

दख्खनी_पाकोळी: तिच्यावर पाणी मात्र फवारू नका. कोरडं मोनार्क उणे ८ अंशांच्या आसपास गोठतं, ओलं उणे ४ लाच. जानेवारी २००२ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरांत आधी पाऊस आणि मागून कडाका आला, तेव्हा कोट्यवधी मेली ती यामुळेच.

आणि गॅरेजचा मुक्काम दोन-चार दिवसांचाच. दक्षिणेकडे निघालेली मोनार्क २४ दिवस थंडीत (दिवसा ११, रात्री ४ अंश) ठेवली, तर ती उत्तरेकडे तोंड करून उडाली, असं २०१३ च्या प्रयोगात दिसलं. वसंतातल्या परतीची दिशा थंडीच ठरवते.

रानवेल: पोचण्याचं म्हणाल तर अळी कुठे वाढली ते महत्त्वाचं. लहान होत जाणारे दिवस, गार रात्री आणि पिवळं पडणारं मिल्कवीड (अळ्या जिची पानं खातात ती रुईच्या कुळातली वनस्पती) यांमुळे अंडी घालणं लांबणीवर पडतं आणि प्रवासाची तयारी होते. घरातल्या दिव्याखाली, कुंडीतल्या हिरव्यागार हळदीकुंकवाच्या (उष्ण प्रदेशातल्या मिल्कवीडच्या) पानांवर वाढलेल्या अळीला यातलं काहीच मिळत नाही. तरी सोडाच: घरात वाढवलेली बरीच फुलपाखरं मोकळ्यावर गेल्यावर दक्षिणेची वाट धरतात, असं कॅनडातल्या अभ्यासात आढळलंय. पुढच्या वर्षी पिंजरा पहिल्यापासून व्हरांड्यात ठेवा, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात.