अनुभव सांगा: किनाऱ्यावरची जुनी स्पोर्ट्स सेडान ठेवायची की काढायची?

मंडळी, प्रश्न जुनाच आहे, पण मला त्याची किनाऱ्यावरची उत्तरं हवी आहेत.

मी रत्नागिरीत राहतो, समुद्राला लागून, मिऱ्याच्या बाजूला. २०१४ ची जर्मन डिझेल सेडान आहे. दोन लिटर इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना ताकद. बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतली, आता माझ्याकडे आली. रनिंग लाखाच्या वर गेलंय. आंबा घाटात वळणावर स्टिअरिंग हातात जे बोलतं, ते मला दुसऱ्या कुठल्या गाडीत अजून सापडलेलं नाही.

आता खर्च एकदम समोर आलाय: पुढचे लोअर आर्म (चाकं धरून ठेवणारे दांडे) आणि त्यांचे रबरी बुश, मागचे शॉक, चार टायर, गिअरबॉक्सची सर्व्हिस. सगळं मिळून गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या जवळपास एक तृतीयांश. २०२९ मध्ये आरसीची १५ वर्षं भरतात. घरच्यांचं म्हणणं, आत्ताच काढ, चार पैसे तरी येतील.

पुण्या-मुंबईचे सल्ले पुष्कळ मिळाले. पण पुण्यात खारा वारा नाही, दोन्हीकडे आपली लाल माती नाही, आणि वर्कशॉप घाट ओलांडून गाठावं लागत नाही. म्हणून इथल्या लोकांनी वर आपल्या गावाचं नाव टाकून लिहा. काय केलंत, का केलंत. कंपन्यांची आणि शोरूमची नावं घेऊन तक्रारी नकोत, त्यात मूळ विषय वाहून जातो.

मालवण

दादा, तुमची २०१४ ची, माझी २०१२ ची. मी ठेवली आहे आणि ठेवणार आहे. डॉक्टर आहे, रोजचं जाणं मालवण-कट्टा, मधूनच कुडाळ.

खर्चाचा कागद तूर्त घडी घालून ठेवा. आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली उभे राहा. आपल्याकडे गाडीचं आयुष्य किलोमीटरवर ठरत नाही, तळावर ठरतं. या गाड्यांचा बाहेरचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो, त्यामुळे वरून बारा वर्षांनीही डाग दिसत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. गंज धरतो तो दगड उडून रंग गेलेल्या जागी, वेल्डिंगच्या सांध्यांवर, स्प्रिंग टेकते त्या वाटीत, ब्रेकच्या पाइपच्या वळणांवर.

माझ्या गाडीच्या दारांखाली जी पोकळ पट्टी असते, तिला पाणी निथळायला खालून भोकं आहेत. मेकॅनिकने त्यात बांबूची काडी घातली, तर लाल माती लोंब्यासारखी बाहेर आली. एप्रिल महिना, कडकडीत ऊन, आणि माती आतून ओली! मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि माती तो सोडत नाही. म्हणजे पाऊस चार महिने असला तरी त्या पट्टीचा पावसाळा वर्षभर चालू होता. भोकं मोकळी केली, सुकू दिलं, आतून मेणाचा फवारा मारला. पत्रा वाचला.

इथे एक कळकळीने सांगतो. गंजावर काळं रबर कोटिंग मारून घेऊ नका. वरून छान दिसतं, पण ओलावा आत अडकतो आणि पत्रा आतल्या आत खाल्ला जातो. आधी खरवडायचं, गंजरोधक प्राइमर लावायचा, मग मेण. आणि पाऊस संपला की तळाला गोड्या पाण्याचा दणकून मारा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते नको.

दुसरं: तुमचे लोअर आर्म बहुतेक अॅल्युमिनियमचे असणार आणि बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, त्यात खारं पाणी. अशा वेळी अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड होते आणि बोल्ट जाम बसतो. मग तो कापून काढावा लागतो. एस्टिमेटमध्ये नवे बोल्ट धरलेत का ते विचारा, नाहीतर गाडी खोलल्यावर मजुरी वाढते.

चिपळूण

माझ्यासाठी निर्णय वाशिष्ठीने घेतला. २२ जुलै २०२१. पाणी सीटच्या वर होतं. ओसरल्यावर मी पहिलं काम केलं ते बॅटरीची वायर काढण्याचं. स्टार्ट मारून बघायला सगळे सांगत होते, मी चावीला हात लावला नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही.

सर्व्हेअर आले, हिशेब झाला. जुन्या गाडीचं दुखणं इथे कळतं: आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी खाली येते, सुट्या भागांची किंमत मात्र नव्या गाडीच्या भागांइतकीच राहते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. माझी गेली. क्रेनवर चढवताना आईने तिला हळदकुंकू लावलं, मला तिथे थांबवेना.

नंतर तेच मॉडेल, चार वर्षं जुनं, घाटावरून आणलं. ती आता नदीपासून लांब, उंचावर भाड्याच्या शेडमध्ये असते आणि मी चालत घरी येतो. तुमची ठेवणार असाल तर या वयाला इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान भरून देणारी विम्याची जोड) मिळतंय का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी झिरो डेप, म्हणजे भागांची झीज न कापता भरपाई, तीसुद्धा काही वर्षांनंतर देत नाहीत.

वेंगुर्ला

माझा म्हणणा एकच. गाडी रात्री खंय उभी ऱ्हवता ता बघा. पडवीक लावतास आणि समोर समुद्र, तर वर्साक कितीव खर्च करा, पुरोचो नाय. माडांच्या आड, बंद शेडीत, वारो खेळतलो अशी जागा आसात तर खुशाल ठेवा. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली मात्र घुसमटवू नकात, आतसून घाम येता.

गुहागर

मी काढली, आणि विचार करून काढली.

आमचं अर्धं गणगोत दापोलीकडे, त्यामुळे धोपावे-दाभोळ फेरीबोट ठरलेली. भरतीला अडचण नाही. ओहोटीला जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात असा कोन होतो की बुटक्या गाडीचा पुढचा ओठ घासलाच म्हणून समजा. बोटीवरची पोरं चांगली, फळकुटं लावून तिरकी चढवायची. पण दर वेळी घरचे सगळे खाली उतरून बघत उभे.

त्यात रनफ्लॅट टायर. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येतं असं पुस्तकात आहे, आणि जाताही येतं. प्रश्न त्यानंतरचा. तसा चाललेला टायर बाद होतो, त्या मापाचा दुसरा इथे मिळत नाही, डिकीत स्टेपनी नाही. सणाच्या दिवसांत गाडी परक्याच्या अंगणात अडकून पडली होती.

पण खरं कारण बाबांचे गुडघे. खाली बसताना आणि त्याहून जास्त उठताना त्यांचा चेहरा बघवेना. उंच गाडी घेतली. आता ते स्वतःहून म्हणतात, चल, चक्कर मारू. कशेडीचा बोगदा ओलांडून मोकळा रस्ता लागला की जुन्या गाडीची आठवण येते, नाही असं नाही. निर्णय मात्र आजही पटतो.

कुडाळ

गॅरेज आहे माझं, म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो.

तुमचा आठ गिअरचा बॉक्स बहुतेक झेडएफचा असणार. गाडीच्या पुस्तकात ऑइल आयुष्यभरासाठी असं लिहिलेलं असलं तरी बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांनी, ते बदला म्हणते. फिल्टर प्लास्टिकच्या सम्पमध्येच (तळाच्या ऑइलच्या ट्रेमध्ये) असतो, त्यामुळे सम्पही बदलतो. हे काम टाळू नका. नुसतं वरून ऑइल ओतणाऱ्याकडे देऊ नका, ठरावीक तापमानालाच लेव्हल बघावी लागते.

त्या काळच्या काही दोन लिटर डिझेल इंजिनांत टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनला हात घालायचा तर इंजिन किंवा बॉक्स उतरवावा लागतो. सकाळी थंड असताना बॉनेटच्या मागच्या बाजूला कान द्या. खळखळ असेल तर आधी तो खर्च काढा, कारण मग तुमचं सगळं गणितच बदलतं.

सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांतल्या नळ्या मोकळ्या करा. आपल्याकडे आंब्याखाली गाडी लावतात, मोहोर आणि पानं आत जाऊन नळी तुंबते, पाणी कार्पेटखाली उतरतं. तिथेच वायरिंग असतं. माझ्याकडे 'इलेक्ट्रिक प्रॉब्लेम' म्हणून येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच निव्वळ पाण्याच्या असतात.

आणि कामाचा क्रम: ब्रेक, मग आर्म-बुश, मग शॉक. टायर शेवटी, अलाइनमेंटसोबत. सैल बुशवर नवे टायर चढवले तर आतल्या कडेने सहा महिन्यांत खाल्ले जातील. घाटात वापर असेल तर गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीपेक्षा तुमचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टरही, बरा असेल. त्यातली काजळी जळायला सलग वेगाचं रनिंग लागतं.

अलिबाग

मी पेट्रोलवाली. २०१७ ची ऑक्टेव्हिया व्हीआरएस, लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतलेली. ठेवली आहे.

नवीन घेण्याचा हिशेब मी कागदावर मांडला. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांचा जीएसटी सेस धरून पडणाऱ्या जवळपास ५० टक्क्यांवरून सरसकट ४० वर आला, तो दिलासा खरा. पण ६० लाखांची डिझेल घेतली तर नुसत्या रोड टॅक्सचेच नऊ लाख. तेवढ्यात दादांची गाडी सगळ्या कामांसकट आणखी काही वर्षं आरामात चालेल.

शिवाय घ्यायची कोणती? माझ्या गाडीची नवी पिढी २०२५ मध्ये आली ती अवघ्या १०० नगांत, एक्स-शोरूम ४९.९९ लाखांना, आणि सगळ्या उचलल्या गेल्या. बाकी बाजार उंच गाड्यांचा.

माझी काळजी वेगळी आहे, पंपावर आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०२३ च्या आधीच्या गाडीला ते मानवेल की नाही हे मॅन्युअल आणि इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेलं बघूनच ठरवावं. मायलेज थोडं उतरलंय. इंधनाच्या रबरी नळ्या मी सर्व्हिसला दर वेळी तपासून घेते. डिझेलवाल्यांना ही कटकट नाही.

कणकवली

१५ वर्षं भरली की गाडी भंगारात, हा गैरसमज आहे. खाजगी गाडीची तपासणी करून आरसी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५ हजार रुपये फी आहे, वर पर्यावरण कर. २० वर्षांनंतर फी १० हजार. दहा वर्षांची डिझेल बंद हा नियम दिल्ली परिसरातला, आपल्याकडचा नाही. तिकडच्या गाड्या त्याचमुळे स्वस्तात इकडे येतात. घेणाऱ्यांनी एनओसी आणि इथला टॅक्स धरूनच भाव करावा.

रत्नागिरी (धागा काढणारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गाडी लिफ्टवर चढवली आणि मी स्वतः खाली उभा राहिलो. मागचा सबफ्रेम (मागची चाकं ज्याला जोडलेली असतात तो सांगाडा) स्वच्छ. स्प्रिंगच्या वाट्यांवर वरवरचा गंज, नखाने सुटणारा. मागच्या ब्रेकचा उजवा पाइप मात्र क्लिपपाशी फुगून आलाय, त्याला हात लावल्यावर पापुद्रा निघाला. एस्टिमेटमध्ये तो नव्हताच. चेनचा आवाज नाही, सकाळी दोन वेगवेगळ्या माणसांना ऐकवला.

गाडी ठेवतोय. २०२९ ला पुन्हा अशीच लिफ्टवर चढवेन, तळ चांगला निघाला तर आरसी वाढवून घेईन, नाहीतर तेव्हा काढेन. या वर्षी ब्रेक पाइप, आर्म-बुश नव्या बोल्टसकट आणि गिअरबॉक्स ऑइल. शॉक आणि टायर दिवाळीनंतर, आणि रनफ्लॅटऐवजी साधे ट्यूबलेस, डिकीत स्टेपनीसह.

घरी हेही ठरलं की गाडी मिऱ्याच्या अंगणात उभी राहणार नाही. काकांच्या नाचणे गावातल्या घराला मागे बंद शेड आहे, तिथे जाईल.

कुडाळचे भाऊ, चारही ब्रेक पाइप एकदमच बदलू की फक्त मागचे? आणि गणपतीआधी तुमच्याकडे लिफ्ट मोकळी असेल तर तारीख कळवा.

कुडाळ

चारही बदला, दादा. एक फुगला म्हणजे बाकीच्यांचंही वय तेच आहे. तांबं-निकेलचे बनवून देतो, ते गंजत नाहीत. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात आणा. येताना घाई करू नका, ब्रेक ऑइलची पातळी बघूनच निघा, आणि ती थोडीही उतरलेली दिसली तर चालवत आणू नका, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा.