मदत हवी आहे: लाकडी ल्यूरचा रंग पाण्यात सुटतोय

गळकरी
वैताग आलाय, म्हणून इथे विचारतोय. घरी लाकडाचे ल्यूर, म्हणजे गळाला लावायचे खोटे मासे, बनवतो. सातपैकी पाचांचं एकच रडगाणं: दोनेक तास झकास पोहतात, मग पोटाखाली फुगवटा येतो. नखाने दाबलं की पचपचीत लागतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढा भाग खपलीसारखा निघून येतो. रंग ॲक्रिलिक, एअरब्रशने मारलेला. रविवारी पाण्यावर जायचंय. रंग कुठला घेऊ तेवढं सांगा.

रंधा
लाकूड कोणतं? रंगाखाली काय लावलंय? वरून काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही. फोटो टाका.

पाणकावळा
ॲक्रिलिक सोडा, एनॅमल घ्या. मी कायम एनॅमलच मारत आलोय, एकदाही टवका उडालेला नाही.

रंधा
@पाणकावळा, पचपचीत लागतंय म्हणजे आत पाणी गेलंय. त्यात रंगाचा काय दोष? एनॅमलखाली पाणी शिरलं तर तेही सुटेल.

गळकरी
बाल्सा आहे. वरून दोन भागांच्या इपॉक्सीचे दोन हात. सीलर वेगळा नाही, प्रायमर मारलाय की. फोटो संध्याकाळी टाकतो.

मापात_रहा
इपॉक्सी मोजता कसं? वजनकाट्यावर सारखं घेत असाल तर तिथेच चुकतंय. डब्यावर आकारमानाने 1:1 लिहिलेलं असतं आणि रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. सारख्या वजनात हार्डनर जास्त पडतो, कवच मऊ राहतं. माझे चार ल्यूर असेच चिकट राहिले होते, शेवटी खरवडून काढावे लागले.

गळकरी
सिरिंजने मोजतो. कवच काचेसारखं टणक आहे. प्रश्न रंगाचा आहे.

शेवाळ
रंगाचं विचारताय तर सांगतो. गढूळ पाण्यात काळा किंवा झगझगीत पिवळा-हिरवा, नितळ पाण्यात पाठ गडद आणि पोट पांढरं. खवल्यांसाठी जाळीदार कापड ताणून बसवा आणि त्यावरून फवारा. कापड उचलताना सरळ वर उचला, सरकलं की खवले फिसकटतात.

थर_थर
लाकूडच कशाला? 3डी प्रिंट करा, फुगायचा प्रश्नच मिटला.

रंधा
फुगणार नाही, पण पोकळ प्रिंट थरांच्या फटींतून पाणी पितो आणि बुडतो. तोही सील करावाच लागतो.

थर_थर
भिंत जाड ठेवली तर नाही पीत. माझे नाही पीत.

जुनी_बंसी
अवांतर: लाउरी रापाला यांनी 1936 साली फिनलंडमध्ये पहिला ल्यूर केला तो बुचाचा. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं कवच चढवलं. पाणी आत जाऊ न देणं ही तेव्हापासूनची डोकेदुखी आहे.

रंधा
@गळकरी, आता नीट सांगा. गळ अडकवायचे स्क्रू-आय, म्हणजे कडीवाले स्क्रू, कधी बसवता? इपॉक्सीच्या आधी की नंतर?

गळकरी
अर्थातच नंतर. आधी बसवले तर कडीत इपॉक्सी भरतं. सगळं वाळलं की बारीक ड्रिल मारून पिळतो.

रंधा
मग पाणी तिथूनच जातंय. टणक कवचाला भोक पाडलंत, स्क्रू पिळताना भोवती केसाएवढ्या चिरा गेल्या आणि खाली उघडा बाल्सा. तो स्पंजासारखा पाणी ओढतो, फुगतो आणि कवच वर उचलतो. म्हणून पोटाखालीच होतंय. स्क्रू-आय आधी बसवा, भोकात पातळ सुपरग्लू सोडा, अख्ख्या लाकडाला सीलर पाजा, मग प्रायमर. कडीत इपॉक्सी गेलंच तर वाळल्यावर सुईने टोकरा.

मापात_रहा
सीलर दोनदा. आणि इपॉक्सी ओलं असताना हेअर ड्रायर धरून बसू नका. लाकडातली हवा तापून फुगते आणि बुडबुडे येतात.

जुनी_बंसी
बाल्सात स्क्रू टिकतच नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत आरपार तार घाला. मोठा मासा लागला की स्क्रू उपटून येतो, मग रंग शाबूत राहून करायचं काय?

रंधा
तारही जिथून बाहेर येते तिथे सील करावीच लागते. तार हवी हे मात्र मान्य.

गळकरी
एक ल्यूर करवतीने उभा कापला. पोटातल्या स्क्रूभोवती बोटभर लाकूड काळपट आणि ओलं आहे, पाठीकडे कोरडं खट्ट. रंगाच्या मागे लागून तीन आठवडे घालवले. उरलेले दोन अजून पाण्यात टाकलेले नाहीत, त्यांचं काय करू?

रंधा
स्क्रू काढा, भोकात पातळ सुपरग्लूचे तीन-चार थेंब सोडून पूर्ण वाळू द्या. मग स्क्रूला इपॉक्सी माखून परत पिळा आणि बुडाशी एक थेंब फिरवा. रविवारच्या आधी रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी फुगवटा नसेल तर घेऊन जा.

शेवाळ
पाणी गढूळ आहे की नितळ ते राहिलंच.

गळकरी
@रंधा, आत्ताच काढले. भोकं कोरडी आहेत. ग्लू सोडतोय.